नाव गेले, मणका राहिला

जबलपूरला पाहुणे आले, म्हणजे त्यांना काय दाखवावे असा प्रश्न आम्हां जबलपूरकरांना सहसा पडत नाही. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधून नावेची एक फेरी, धुवांधारचे तुषार, आणि परतताना मदनमहालचा किल्ला व तेथील तो तोललेला खडक, एवढ्यात दिवस मावळतो. बडा सिमला नावाची एक टेकडी आहे, तिच्याकडे मात्र कोणी पाहुण्याला नेत नाही. तोफगाड्यांच्या कारखान्याच्या परिसरातली ती एक साधी, झुडपांनी भरलेली टेकडी आहे. शोभेचे तिच्यात काही नाही. आणि तरीही जगातल्या प्राणिशास्त्रज्ञांना जबलपूर हे नाव ठाऊक झाले, ते भेडाघाटमुळे नव्हे, तर बडा सिमला आणि तिच्या आसपासच्या खडकांमुळे.

श्रोतेहो, या टेकडीविषयी बोलण्याचे निमित्त माझ्या शाळकरी मुलीने पुरवले. सामान्यज्ञानाच्या एका पुस्तकात तिने प्रश्न वाचला, ‘भारतात सापडलेला पहिला डायनोसॉर कोणता?’ उत्तर छापलेले होते, ‘टायटॅनोसॉरस इंडिकस, जबलपूर.’ आपल्याच गावाचे नाव पुस्तकात पाहून तिला आनंद झाला. पण दोनच दिवसांनी दुसऱ्या एका पुस्तकात तिला असे आढळले की, टायटॅनोसॉरस हे नाव शास्त्रज्ञ आता ग्राह्य मानीत नाहीत. ती माझ्यापुढे दोन्ही पुस्तके ठेवून म्हणाली, ‘‘बाबा, आपल्या गावचा प्राणी होता की नव्हता? आणि होता, तर त्याला नाव का नाही?’’ मला तत्काळ उत्तर देता आले नाही. मग मी जे वाचले, विचारले आणि समजून घेतले, ते आज आपल्यापुढे मांडतो.

ही हकीकत सुरू होते १८२८ साली. त्यापूर्वी दहा-अकरा वर्षे हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यातून कंपनी सरकारकडे गेला होता. ठगांचा बंदोबस्त करणारे म्हणून पुढे ज्यांचे नाव गाजले, ते कॅप्टन विल्यम स्लीमन तेव्हा जबलपूरला होते. स्लीमन यांची दृष्टी चौकस होती. लोकांच्या चालीरीतींपासून दगडधोंड्यांपर्यंत सारे ते न्याहाळीत. जबलपूरजवळ त्यांना दगड झालेली काही हाडे मिळाली. त्यांत दोन मणके होते. ते त्यांनी इथले सिव्हिल सर्जन डॉ. स्पिल्सबरी यांच्याकडे दिले आणि त्यांच्याकडून ते कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे गेले.

हा काळ ध्यानात घेतला पाहिजे. मेगॅलोसॉरस या प्रचंड सरपटणाऱ्या प्राण्याचे वर्णन इंग्लंडात प्रसिद्ध होऊन तेव्हा अवघी चार वर्षे झाली होती. ‘डायनोसॉर’ हा शब्दच जन्माला यावयाचा होता. तो रिचर्ड ओवेन यांनी योजला १८४२ साली. म्हणजे स्लीमन यांच्या हाती जे आले, त्याला जगातल्या कोणत्याही भाषेत शब्द नव्हता. आणि योगायोग असा की, ज्या प्रिन्सेप यांच्याकडे हे मणके गेले, त्यांनीच १८३७ साली ब्राह्मी लिपी उलगडली आणि अशोकाचे शिलालेख बोलते केले. दगडावरची अक्षरे वाचणाऱ्या त्या विद्वानापाशी दगडाची हाडेही होती. परंतु ती वाचण्याची वर्णमाला अजून तयार झाली नव्हती.

पुढची तीसेक वर्षे हे मणके कलकत्त्यात पडून होते. १८६२ साली भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनी त्यांची दखल घेतली, आणि शिवालिक टेकड्यांतल्या जीवाश्मांचा अभ्यास करून कीर्ती मिळवलेले ह्यू फाल्कनर यांनी त्यांचे वर्णन लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८६८ साली छापले गेले. शेवटी १८७७ साली त्याच खात्यातले तरुण शास्त्रज्ञ रिचर्ड लिडेकर यांनी या प्राण्याचे बारसे केले. ग्रीक पुराणांतल्या टायटन नामक महाकाय दैत्यांवरून त्यांनी ‘टायटॅनोसॉरस’ असे प्रजातीचे नाव घेतले आणि भारतावरून ‘इंडिकस’ असे जातीचे. टायटॅनोसॉरस इंडिकस, म्हणजे भारतातला दैत्य-सरडा.

आता कोणीही विचारील की, शेपटीच्या दोन मणक्यांवरून लिडेकर यांना एक संपूर्ण नवा प्राणी कसा दिसला? त्यासाठी मणक्याची घडण थोडी पाहावी लागेल.

कोणत्याही मणक्याचे दोन मुख्य भाग असतात. खालचा भाग भरीव आणि पिंपासारखा असतो. त्याला आपण मणक्याचे धड म्हणू. त्याच्यावर हाडाची एक कमान उभी असते आणि तिच्या बोगद्यातून मज्जारज्जू जातो. शेपटीच्या मणक्यांना याखेरीज खालच्या अंगाला चिमट्याच्या आकाराचे एक वेगळे हाड टेकलेले असते. त्या चिमट्याच्या फटीतून शेपटीच्या रक्तवाहिन्या जातात. ते हाड जिथे टेकते, तिथे मणक्यावर त्याची खूण उमटलेली असते.

जबलपूरच्या मणक्यांत चमत्कारिक गोष्ट होती ती धडाची. धडाची पुढची बाजू वाटीसारखी आत गेलेली होती आणि मागची बाजू चेंडूसारखी बाहेर आलेली. एका मणक्याचा चेंडू त्याच्या मागच्या मणक्याच्या वाटीत बसावा आणि अशी साखळी शेपटीच्या टोकाकडे जावी, अशी ती रचना होती. शिवाय धडाच्या दोन्ही कुशी चेपलेल्या होत्या आणि वरची कमान मध्यावर नसून पुढच्या अर्ध्या भागावर उभी होती. वाटी आणि चेंडू यांची अशी जोडणी मगरीच्या पाठीच्या कण्यात आजही आढळते. परंतु लांब मानेचे आणि लांब शेपटीचे जे अवाढव्य शाकाहारी डायनोसॉर त्या वेळी युरोपात ठाऊक होते, त्यांच्या शेपटीच्या मणक्यांची दोन्ही तोंडे बहुधा सपाट किंवा किंचित खोलगट असत. तेव्हा लिडेकर यांचे अनुमान रास्त होते. ज्ञात प्राण्यांपैकी कोणाशीही हा मेळ खात नाही, म्हणून हा नवा.

इथे नामकरणाच्या एका नियमाचा खुलासा केला पाहिजे. प्राणिशास्त्रात जातीचे नाव हवेत तरंगत नसते. ते एका विशिष्ट नमुन्याला कायमचे बांधलेले असते. सातबाऱ्याचा उतारा जसा एका विशिष्ट जमिनीचा असतो, तसेच हे. उद्या दुसरा कोणताही सांगाडा सापडला आणि तो याच जातीचा आहे असे म्हणावयाचे झाले, तर त्या मूळ नमुन्याशी त्याचे साम्य दाखवावे लागते. टायटॅनोसॉरस इंडिकसच्या बाबतीत ही सारी जबाबदारी शेपटीच्या त्या मणक्यांवर आली. डोके नाही, मान नाही, पाय नाहीत, असा हा मूळपुरुष.

आणि तरीही त्याचा वंश भराभर वाढला. १८७९ साली लिडेकर यांनीच त्याची दुसरी जात वर्णिली, ती आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा गावची. त्या गावच्या शेतांतून दगडी हाडे गोळा करणाऱ्या पहिल्या मंडळींत नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे होते. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांचेच नाव चालवते. पुढे लिडेकर अर्जेंटिनाला गेले. तिथल्या पॅटागोनिया प्रांतातल्या हाडांत त्यांना तीच वाटी आणि तोच चेंडू दिसला. १८९३ साली त्यांनी या प्राण्यांचे एक स्वतंत्र कुल मानले आणि त्याला आपल्या जबलपूरच्या प्राण्याचे नाव दिले. त्यानंतर युरोप, मादागास्कर, लाओस, जिथे जिथे असा मणका मिळाला तिथे तिथे तो टायटॅनोसॉरसच्या नावावर जमा होऊ लागला. वाढता वाढता या एका प्रजातीत चौदा जाती गणल्या गेल्या.

जबलपूरच्या मातीतून दोन नावे जगाच्या भूगोलात आणि इतिहासात गेली, असे मला नेहमी वाटते. एक टायटॅनोसॉरस, दुसरे गोंडवन. हा सारा मुलूख गढा-मंडल्याच्या गोंड राजांचा, राणी दुर्गावतीचा. याच गोंडवनावरून भूवैज्ञानिक मेडलिकॉट यांनी १८७२ च्या सुमारास इथल्या प्राचीन खडकांच्या मालिकेला नाव दिले, आणि १८८५ साली ऑस्ट्रियाचे एडुआर्ड झ्यूस यांनी भारत, आफ्रिका इत्यादी दक्षिणेकडच्या भूभागांच्या प्राचीन जोडणीला ‘गोंडवन-भूमी’ म्हटले. भारत आणि दक्षिण अमेरिका एकेकाळी एकाच महाखंडाचे भाग होते, ही गोष्ट पुढे सर्वमान्य झाली. दोन समुद्रांपलीकडच्या प्रदेशांत एकाच घडणीचे मणके का सापडावेत, याचे नवल त्यामुळे पुष्कळ कमी झाले.

इकडे बडा सिमला टेकडी गप्प बसली नव्हती. १९१७ ते १९१९ या काळात चार्ल्स मॅटले आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे दुर्गाशंकर भट्टाचार्जी यांनी तिथे पद्धतशीर खणती केली. मणक्यांबरोबर पायांची हाडे, खांद्याचे हाड आणि कवटीचा मागचा भागही हाती आला. हे सारे जर्मनीतले थोर जीवाश्मतज्ज्ञ फ्रीडरिख फॉन ह्यूने यांनी मॅटले यांच्यासह अभ्यासले आणि १९३३ साली प्रसिद्ध केले. त्यातल्या एका महाकाय प्राण्याला त्यांनी जे नाव दिले, त्याचा शब्दशः अर्थ होतो ‘उत्तरेकडचा दक्षिण-सरडा’! कारण दक्षिण-सरडा ही प्रजाती त्यांनी आधी दक्षिण अमेरिकेतल्या हाडांवरून कल्पिली होती आणि जबलपूर पडले उत्तरेस. हा विरोधाभास पुढे १९९५ साली दूर झाला. तो प्राणी स्वतंत्र प्रजातीचा ठरला आणि भारतीय जीवाश्मतज्ज्ञ सोहनलाल जैन यांच्या सन्मानार्थ त्याला ‘जैनोसॉरस’ म्हणू लागले. त्याच १९३३ च्या ग्रंथात एका लहान प्राण्याला आमच्या शहरावरून ‘जबलपुरिया’ असेही नाव मिळाले होते. पण त्याचाही आधार दोन छोटेसे मणके एवढाच असल्यामुळे तो नक्की कोणाचा भाऊबंद, याचा निर्णय लागलेला नाही.

महाराष्ट्राच्या श्रोत्यांना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगाव येथे भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांना याच घराण्यातल्या एका प्राण्याचा बराचसा सांगाडा मिळाला. १९९७ साली तोही टायटॅनोसॉरसचीच एक नवी जात म्हणून जाहीर झाला.

आणि मग २००३ साल उजाडले. जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च या दोघा संशोधकांनी टायटॅनोसॉरसच्या चौदाही जातींची कागदपत्रे, म्हणजे हाडे, पुन्हा तपासली. निकाल असा लागला की, चौदांपैकी पाचच जाती आपल्या वेगळेपणाचा पुरावा देऊ शकतात. आणि त्या पाचांत ज्याच्या नावावर सारे घराणे उभे होते तो जबलपूरचा टायटॅनोसॉरस इंडिकस नव्हता. त्याचे नाव संदिग्ध ठरले आणि त्याबरोबर टायटॅनोसॉरस ही प्रजाती आणि तिच्यावरून पाडलेले कुलनामही बाद करावे, असे त्यांनी सुचवले. डोंगरगावचा प्राणी मात्र आपल्या सांगाड्याच्या बळावर टिकला. त्या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आता त्याला ‘इसिसॉरस’ म्हणतात.

हे ऐकून प्रथमदर्शनी अन्याय झाल्यासारखे वाटते. लिडेकर यांनी चूक केली होती काय? मुळीच नाही. मी सरकारी नोकर आहे, म्हणून माझ्या परिचयाचा दाखला देतो. आमच्या सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर ओळखीच्या खुणेचा एक रकाना असतो. समजा, फार वर्षांपूर्वी एखाद्या कारकुनाने त्यात लिहिले, ‘चष्मा लावतो.’ त्या काळी साऱ्या कचेरीत चष्मेवाला तो एकटाच. खूण अगदी चोख. पण पुढे एकेक करून सर्वांनाच चष्मे लागले. आता ती नोंद वाचून त्या माणसाला कोण ओळखणार? नोंद खोटी झालेली नाही. तो माणूसही खोटा नाही. खूण तेवढी निकामी झाली.

जबलपूरच्या मणक्यांचे हेच झाले. १८७७ साली वाटी-चेंडूची ती घडण एकट्या टायटॅनोसॉरसची होती. पुढे सव्वाशे वर्षांत जसजसे नवे प्राणी उजेडात आले, तसतसे दिसून आले की ही एका जातीची खूण नसून एका प्रचंड समूहाची खूण आहे. १९९३ साली अर्जेंटिनाच्या बोनापार्ते आणि कोरिया या संशोधकांनी, आजवर ज्ञात असलेल्या सर्वांत मोठ्या भूचर प्राण्यांपैकी एकाचे वर्णन करताना, त्या समूहाला ‘टायटॅनोसॉरिया’ म्हटले. हा समूह सर्व खंडांवर नांदला. अंटार्क्टिकाजवळच्या जेम्स रॉस बेटावर त्याचा पहिला अवशेष मिळाल्याचे २०११ च्या अखेरीस जाहीर झाले. तो अवशेष कोणता होता? शेपटीचा एक मणका! बर्फाच्या त्या प्रदेशातला तो तुकडा कोणत्या समूहाचा, हे ओळखता आले ते आपल्या जबलपूरच्या मणक्यात प्रथम दिसलेल्या घडणीवरूनच. समूहाचे ते मोठे नाव २००३ च्या निकालानंतरही कायम राहिले आहे. मूळपुरुषाच्या उताऱ्यावरचे नाव गेले. घराणे मात्र आजही त्याच्याच नावाने ओळखले जाते.

या कथेतला मला सर्वांत हुरहूर लावणारा भाग अजून राहिला आहे. ही सारी चर्चा चालू असताना ते मूळ मणके कोठे होते? तर ते सापडत नव्हते. शंभरांहून अधिक वर्षांच्या संग्रहात ते कोठेतरी मिसळून गेले होते. शास्त्रज्ञांपाशी वर्णने होती, चित्रे होती, वस्तू नव्हती. शेवटी २०१२ साली कलकत्त्याला भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या संग्रहात शोध घेताना त्यांपैकी एक मणका पुन्हा हाती लागला. त्याच खात्यात नागपूरला दीर्घकाळ काम केलेले धनंजय मोहबे, सुभाशिष सेन आणि जेफ्री विल्सन यांनी २०१३ साली ही वार्ता ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात दिली. त्यांच्यातले विल्सन म्हणजे दहा वर्षांपूर्वी ते नाव संदिग्ध ठरवणाऱ्या दोघांपैकीच एक! ज्यांनी नाव काढून घेतले, तेच तो मणका शोधण्याच्या कामी होते, या गोष्टीत मला विज्ञानाचा खरा स्वभाव दिसतो. नावाविषयी ममत्व नाही, पण वस्तूविषयी जिवापाड आस्था.

आम्हां कचेरीतल्या माणसांना निकालाचे महत्त्व फार वाटते. निकाल लागला, की कागद दप्तरात बांधून ठेवावे आणि पुढे विसरावे, अशी आमची रीत. इथे नेमके उलटे आहे. फाल्कनर, लिडेकर, ह्यूने, विल्सन, प्रत्येकाने आपापल्या परीने निकाल दिला आणि पुढच्याने तो फिरवला किंवा सुधारला. उद्या कोणी आजचाही निकाल फिरवील. पण हे फेरविचार शक्य होतात ते मूळ वस्तू जपलेली असते तेव्हाच. मणका हरवला, तर चूक दुरुस्त करण्याची वाटही हरवते. स्लीमन यांच्या हाती आलेले ते दोन दगड कोणी बिनकामाचे म्हणून फेकून दिले असते, तर चूक करण्याइतकेही ज्ञान आपल्याला झाले नसते.

ही गोष्ट केवळ कलकत्त्याच्या कपाटांना लागू नाही. आमच्या नर्मदेवरच्या लमेटाघाटाच्या नावाने ओळखले जाणारे हे खडक जबलपूरपासून नर्मदेच्या खोऱ्यातून गुजरातपर्यंत आणि इकडे नागपूर-चंद्रपूरपर्यंत तुटक तुटक पसरलेले आहेत. सुमारे साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वी ते साचले आणि त्यांच्यावर दख्खनच्या लाव्ह्याचे थर येऊन बसले. या खडकांत हाडे आहेत, अंडीदेखील आहेत. जबलपूरच्या परिसरात लमेटाघाट, बडा सिमला आणि पाटबाबा मंदिराजवळ ती मिळाली आहेत. आणि हेच दगड घरांच्या पायासाठी फुटतात, शेताच्या बांधाला लागतात. आपल्यापैकी कोणाला अशा ठिकाणी हाडासारखा दिसणारा वजनदार दगड आढळला, तर कृपा करून तो उचलून दिवाणखान्यात ठेवू नका. जागा ध्यानात ठेवा आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या किंवा विद्यापीठाच्या जाणत्या माणसाला दाखवा. कोणत्या थरात, कशाशेजारी तो होता, ही माहिती गेली की अर्धा पुरावा गेला.

माझ्या मुलीला मी शेवटी बडा सिमलाच्या पायथ्याशी घेऊन गेलो. तिला म्हटले, ‘‘आपल्या गावचा प्राणी होता. तो इथेच कोठेतरी नदीकाठी वावरत होता. त्याला एक नाव मिळाले होते. ते इतके पसरले, की शेवटी ते त्याच्या एकट्याचे उरले नाही.’’ तिने थोडा वेळ विचार केला आणि विचारले, ‘‘मग त्याचे उरलेले अंग सापडले, तर?’’

मी म्हणालो, ‘‘तर त्या मणक्याशेजारी ठेवून पाहता येईल. तो मणका आता जागेवर आहे.’’